अटल सेतूवर वेळेनुसार टोल लावला तर पेण-उरणचा माणूस निघायची वेळ बदलेल का?

खाडीपलीकडचा: मोटारीला एका फेरीचे 250, परतीसह 375. सकाळी साडेआठलाही तेच आणि रात्री अकरालाही तेच. सातच्या आत 150 आणि साडेआठ ते दहा 350 करून बघा. फास्टॅगमध्ये वेळेची नोंद होतेच, दरपत्रक तेवढं बदलायचं.

वडखळ नाका: वेळ काय आमच्या हातात आहे? सरकारी कचेरी पावणेदहाला, पाळी सहा-दोन-दहाची, पोरांची शाळा वेगळीच. मासळीचा टेम्पो तर तसाही पहाटेच जातो. महाग केलंत तर भरणार तेच लोक, वर शिव्याही घालणार.

पूल-हिशेब: सगळ्यांनी वेळ बदलायची गरजच नसते. रस्ता क्षमतेच्या काठावर असताना दहातली एक गाडी कमी झाली तरी रांग विरते. स्टॉकहोममध्ये 2006 च्या चाचणीत 10 ते 20 क्रोनर आकारले, वाहनं साधारण 20 टक्क्यांनी घटली.

पण मूळ प्रस्तावात मोठी गोम आहे. कोंडी सेतूवर नाही, शिवडीला उतरल्यावर आहे. आणि वाशीच्या खाडीपुलावर ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना टोल शून्य. सेतूवर 350 केलेत की पनवेलची गाडी सरळ वाशीला वळणार, म्हणजे भरलेल्या पुलावर आणखी भर. समांतर वाट फुकट असेल तर गर्दीच्या वेळी दर चढवू नये, बाकीच्या वेळी उतरवावा.

खाडीपलीकडचा: हे पटलं. मग 350 सोडा, फक्त पहाटेची सवलत ठेवा.

वडखळ नाका: स्टॉकहोमात गाडी सोडलेल्या नोकरदारांपैकी बहुतेकांनी वेळ नाही, वाहन बदललं, बस-मेट्रो होती म्हणून. आपली उरण लोकल सेतूच्याच उद्घाटनाच्या दिवशी, 12 जानेवारी 2024 ला, पूर्ण झाली, पण सीएसएमटीला जायचं तर नेरूळ किंवा बेलापूरला उतरून गाडी बदला. पेणकराला तर तीही नाही.

पूल-हिशेब: लोकलच्या फेऱ्या वाढायलाच हव्यात, वाद नाही. सवलत देणार असाल तर एक सांभाळा: 7 वाजता 150 चे एकदम 250 झाले की सात वाजायच्या आत पोचायला लोक गाड्या पळवतात. दर उतरतो त्या वेळी उलट, नाक्याआधी कडेला थांबून राहतात. सिंगापूरला हेच झालं. तिथे शेवटी दोन दरांच्या मध्ये पाच मिनिटांचा मधला दर घातला. इथेही 7 ते 7.10 ला 200 ठेवा, नाहीतर सेतूच्या चिर्ले टोकाला गाड्या सुसाट पळताना दिसतील.

वडखळ नाका: आणि पावणेदहाची कचेरी साडेआठला उघडणार नसेल तर सातला पोचून करायचं काय, तेही दरपत्रकात लिहा.