नर्मदेची फेरवाटणी मॉडेलवर सोपवायची का?

रामबागवाला
नर्मदेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ चा. त्यात ४५ वर्षांनंतर फेरविचाराची तरतूद आहे, म्हणजे ती वेळ आलीच. माझं म्हणणं, या खेपेला चारही राज्यांनी एकच संगणकीय मॉडेल समोर ठेवून बसावं. मागच्या वेळी नदीत वर्षाला २८ दशलक्ष एकर-फूट पाणी हा मूळ आकडाच १९७४ च्या करारात आपसांत ठरवून टाकला. त्यातलं मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. पाणी कमी-जास्त झालं तर याच क्रमाने ७३:३६:२:१. हिशेब वर्षाचा, भांडणं मात्र महिन्या-महिन्याची! २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटर भरायचं होतं, तेव्हा नदीपात्रातल्या वीजघरावरून मध्य प्रदेश-गुजरातची केवढी जुंपली होती. तिथल्या विजेत आपला, म्हणजे मध्य प्रदेशचा, वाटा ५७ टक्के. ऑगस्टात पाणी अडवलं तर मार्चमध्ये कुणाच्या पदरात काय पडेल, हे मॉडेल आधीच दाखवतं.

सरवटेवाला
दाखवतं, पण कुणी भरलेल्या आकड्यांवर? सिंचनाला किती महत्त्व, विजेला किती, पिण्याला किती, हे भार ठरले की उत्तर ठरलंच. ते भोपाळ-गांधीनगरात बंद खोलीत ठरणार आणि आपल्याला रंगीत आलेख मिळणार. ७३:३६ निदान धरणात बुडालेल्या निसरपूर गावच्या शेतकऱ्यालाही कळतं, त्यावर त्याला भांडता येतं. सॉफ्टवेअरशी भांडणार कसा?

निवृत्त अभियंता
रामबागवाले, उगाच भाबडे होऊ नका. सरवटेवाले, तुम्हीही अर्धंच सांगताय. अमेरिकेच्या आर्मी कोअरने, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाने, रुजवलेल्या पद्धतीत भांडणारेच एकत्र बसून मॉडेल बांधतात. ओंटारिओ सरोवराच्या पातळीसाठी अमेरिका-कॅनडाने २००० ते २००५ असाच अभ्यास केला. बंदरवाले, वीजवाले, काठावरचे घरमालक, पाणथळींची काळजी असलेले, सगळ्यांचं हित त्यात मांडलं गेलं. कुठल्या पर्यायात कुणाचं किती नुकसान, हे वेगवेगळं दिसत होतं, एका बेरजेत दडपलेलं नव्हतं. माझ्या मते न्यायाची कसोटी ही आहे.

सरवटेवाला
काका, पुढचं पण सांगा की. त्या अभ्यासातून निघालेली योजना लागू झाली जानेवारी २०१७ मध्ये, आणि त्याच वसंतात पूर! काठावरच्या घरमालकांनी योजनेलाच शिव्या घातल्या.

निवृत्त अभियंता
पाऊसच अफाट पडला होता हो. पण मुद्दा मान्य. एवढी वर्षं टेबलाशी बसूनही ज्याच्या घरात पाणी शिरतं तो रागावतोच. मग टेबलाशी न बसवलेल्याचं काय होईल?

भरूचची सून
माहेर इंदूर, सासर भरूच, म्हणून बोलते. सरदार सरोवराखाली नदीत ६०० क्युसेक पाणी सोडायचं ठरलं होतं. आमच्याकडे समुद्राचं खारं पाणी नदीत चढत आलं, हिलसा मासा घटला, मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडताहेत. तुमच्या मॉडेलमध्ये तो ६०० एका चौकटीत बसेल, 'किमान विसर्ग' म्हणून. एकदा चौकटीत बसला की तो आकडा कुणी ठरवला, हे कोण विचारतंय? पर्याय बाकीच्यांचे बदलणार, आमचा आकडा तिथेच.

रामबागवाला
ताई, म्हणूनच तर मॉडेल हवं. ६०० च्या जागी १५०० टाकून बघा, कालव्याला किती कमी पडतं ते लगेच दिसेल. आज तुम्ही नुसतं 'वाढवा' म्हणता, पलीकडचे नुसतं 'परवडत नाही' म्हणतात.

भरूचची सून
टाकून बघणार कोण, दादा? पासवर्ड कुणाकडे? आणि इंदूरचं काय, तेही टाका त्यात. आपलं गाव चंबळच्या खोऱ्यातलं. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाणी उपसून आणायचं, वापरून कान्ह नदीमार्गे क्षिप्रेत सोडायचं. नर्मदेला परत एक थेंब नाही. पण इंदूरची मागणी कमी केली तर काय, असा पर्याय कुणी मांडलेला मी तरी पाहिला नाही.

सरवटेवाला
इथे एक दिवसाआड नळ येतो, ताई. मागणी कमी करा म्हणून सांगून बघा गल्लीत!

निवृत्त अभियंता
गल्लीत नको, विजयनगरला सांगू. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं कार्यालय आपल्याच गावात आहे. फेरविचारात मॉडेल वापरणार असाल तर त्याची फाईल, आकडे आणि भार सगळ्यांना उघडे ठेवा, आणि भार आधी ठरवा, निकाल नंतर बघा. एवढा अर्ज मी लिहितो. सही कोण कोण करतंय?

सरवटेवाला
भरूचची मागणी अर्जात पहिल्या क्रमांकावर असेल तर मी करतो.