मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यं दुरुस्त करण्याचा सराव नेमका कसा करायचा?

खोडरबर
'चूक शोधा' आणि 'वाक्य सुधारा' या प्रकारचे संच सोडवतो आहे. संचातली उत्तरं बऱ्यापैकी बरोबर येतात, पण स्वतः लिहायला बसलं की त्याच चुका पुन्हा होतात. माझी वाक्यं नमुन्याला देतो:

१. आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.
२. प्लीज टेल मी व्हेन इज द मीटिंग.
३. आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.
४. वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम.
५. आफ्टर रीडिंग द लेटर, द प्लॅन वॉज चेंज्ड बाय अस.

तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यात व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपला काहीच सापडलं नाही. वाक्यं दुरुस्त करून द्याच, पण सरावाची पद्धतही सांगा.

तिरकी रेघ
पहिल्या वाक्यात दोन चुका आहेत आणि बहुतेकांना एकच दिसते. 'थ्री इयर्स' हा कालावधी, म्हणून 'फॉर'. 'सिन्स'ला सुरुवात कधी झाली ते लागतं: 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१९'. दुसरी चूक क्रियापदात आहे. मराठीत 'तीन वर्षांपासून काम करतोय' म्हणताना वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला 'हॅव बीन वर्किंग' हवं. 'सिन्स' बदलून थांबलात तर वाक्य अर्धंच सुधारलं.

दुसरं: 'टेल मी' म्हटल्यावर पुढचा भाग प्रश्न राहत नाही, त्यामुळे कर्ता आधी आणि क्रियापद नंतर: 'व्हेन द मीटिंग इज'. 'डू यू नो व्हेअर डझ ही लिव्ह'चंही तेच, 'व्हेअर ही लिव्ह्ज' करायचं.

तिसरं जरा नीट बघा. आपला 'पर्यंत' दोन कामं करतो. 'शुक्रवारपर्यंत थांबतो' म्हणजे थांबणं तोवर चालूच राहणार, तिथे 'टिल'. 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' म्हणजे त्याआधी कधीतरी एकदाच पाठवणार, तिथे 'बाय'. गंमत अशी की 'आय वोन्ट सेंड इट टिल फ्रायडे' हे अगदी बरोबर आहे, कारण न पाठवणं हे शुक्रवार उजाडेपर्यंत चालू राहतं. तुमच्या वाक्याची रचना मोडलेली नाही, फक्त तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यात नाही. मनातलं अ‍ॅपला कसं कळणार?

चौथ्यातलं 'अबाउट' काढा. 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं. नाम असेल तर मात्र 'अ डिस्कशन अबाउट' चालतं. उलट 'एक्सप्लेन मी' आणि 'रिप्लाय मी' यांत 'टू' राहून जातो.

पाचव्यात पत्र कोणी वाचलं? रचनेप्रमाणे प्लॅनने वाचलं. 'रीडिंग' करणारा जो, तोच स्वल्पविरामानंतर कर्ता हवा: 'आफ्टर रीडिंग द लेटर, वी चेंज्ड द प्लॅन.' शेवटचं 'बाय अस'ही आपोआप गेलं.

जोडाक्षर
पद्धतीबद्दल. संचात तुम्हाला आधीच माहीत असतं की चूक इथेच कुठेतरी आहे, वर चार पर्याय समोर असतात. लिहिताना यातलं काहीच नसतं. म्हणून दहा वाक्यांच्या संचात तीन-चार निर्दोष वाक्यं मिसळा, पर्याय झाका आणि प्रत्येक वाक्याला 'बरोबर' की 'चूक' हे कारणासकट लिहा. कारण म्हणून 'प्रेपोझिशनची चूक' एवढंच लिहिलं तर ते पुढच्या वाक्याला उपयोगी पडत नाही. 'या क्रियापदाला थेट कर्म लागतं' असं लिहा आणि त्याच कारणाची दोन नवी वाक्यं स्वतः बनवा. सगळ्यात जास्त फायदा याच पायरीचा आणि नेमकी हीच लोक गाळतात. तीन दिवसांनी उत्तरं झाकून तोच संच पुन्हा. जे चुकेल ते दुसऱ्या दिवशीच्या संचात.

सोबत स्वतःचा दीडशे शब्दांचा मजकूर लिहा, एक रात्र तसाच राहू द्या आणि मग फेऱ्या मारा. एका फेरीत एकच गोष्ट. आधी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ आणि त्याच्या कर्त्याला गोल. 'द लिस्ट ऑफ आयटम्स आर'सारखी चूक इथेच सापडते, कारण कर्ता 'लिस्ट' आहे, 'आयटम्स' नव्हे. मग कालवाचक शब्द: 'यस्टर्डे' असताना 'आय हॅव सीन' चालणार नाही, 'आय सॉ' हवं. नंतर प्रेपोझिशन्स. नामांची फेरी सगळ्यात शेवटी आणि निवांत, कारण 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांना मराठीत जोड नाही. प्रत्येक नामाला दोन प्रश्न: मोजता येतं का, आणि वाचणाऱ्याला कुठलं ते कळलंय का? 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'फर्निचर' यांना 'एस' लागत नाही. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरीत शब्दाशेजारी 'सी' (मोजता येणारं) की 'यू' (न मोजता येणारं) ते बघा. 'अ‍ॅन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', कारण उच्चार बघायचा, अक्षर नाही.

काना मात्रा
चुकीची वाक्यं वहीत उतरवून ठेवू नयेत असं माझं मत. वाचून वाचून तीच डोक्यात बसतात.

जोडाक्षर
संचातल्या परक्या चुकांबद्दल मान्य, त्या उतरवायची गरजच नाही. स्वतःची चूक मात्र ठेवावी, खोडून आणि शेजारी दुरुस्ती लिहून. नाहीतर आपण कुठे घसरतो ते दिसणार कसं?

खोडरबर
खूप आभार. 'सुधारा' प्रकारात कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन आलं तर ती चूक धरायची का?

तिरकी रेघ
दुरुस्ती म्हणजे नियम मोडलेला तेवढा जोडणं, कमीत कमी शब्द बदलून. सुधारणा म्हणजे बरोबर वाक्य हलकं करणं. आधी दुरुस्ती, मगच सुधारणा. दोन्ही एकदम केलं की मूळ चूक काय होती तेच हरवतं. चॅटबॉटला वाक्य दिलं की तो अख्खं नवं करून देतो, म्हणून त्याला 'फक्त चुकीची जागा दाखव, दुरुस्त करू नकोस' असं सांगा.

'ड्यू टू द फॅक्ट दॅट'चं 'बिकॉज', 'मेड अ डिसिजन टू लीव्ह'चं 'डिसायडेड टू लीव्ह', इतकं पुरे. अर्थ हलायला लागला की थांबा: 'मे बी डिलेड'चं 'विल बी डिलेड' केलं तर ती सुधारणा नव्हे.

शेवटी प्रेपोझिशन येणं ही चूक नाही. १६७२ साली इंग्रज कवी ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांवर हा आक्षेप घेतला, आणि तेव्हापासून तो नियम असल्यासारखा मिरवतोय. 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' याला हात लावू नका.

ही चार सोडवा:
क. वन ऑफ द फाइल्स आर मिसिंग.
ख. इफ ही विल कॉल, टेल हिम आय अ‍ॅम आउट.
ग. शी सजेस्टेड दॅट ही टेक अ वीक ऑफ.
घ. दो इट वॉज लेट, बट दे वेटेड.

खोडरबर
क: 'इज', कर्ता 'वन'. ख: 'इफ ही कॉल्स', 'इफ'च्या भागात भविष्य असलं तरी 'विल' नको. ग: 'टेक्स'. घ: 'बट' काढायचं, आपल्या 'जरी-तरी'मुळे ते घुसतं.

तिरकी रेघ
क, ख, घ बरोबर, कारणांसकट. ग मुळातच निर्दोष होतं. 'सजेस्ट', 'रेकमेंड', 'इन्सिस्ट' यांनी काहीतरी करायला सुचवलं की 'दॅट'नंतर क्रियापद मूळ रूपात येऊ शकतं, कर्ता 'ही' असला तरी. 'ही शुड टेक'ही चालेल. पण 'हर फेस सजेस्टेड दॅट ही वॉज राइट' इथे सूचना नाही, नुसता अंदाज आहे, म्हणून नेहमीचा काळ.