'फ्री स्पीच'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? भाषण, वाक् की अभिव्यक्ती?

लेखणीवाली:
एका लेखाचं मराठी करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. विषय असा की समाज फ्री असायचा तर स्पीच फ्री का हवं, म्हणजे एकाच 'फ्री'वर सगळा डोलारा. मराठीत समाज 'मुक्त' चालतो, पण 'मुक्त भाषण' म्हटलं की कागद न बघता केलेलं भाषण वाटतं. मी 'भाषणस्वातंत्र्य' लिहिलं होतं ते संपादकांनी खोडलं, म्हणे भाषण व्यासपीठावर असतं, 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' करा. पण लेखात सगळा भर तोंडाने बोलण्यावर आहे, चित्रं, नाटक, कपडे यावर अवाक्षर नाही. 'वाक्स्वातंत्र्य' कसं वाटतं?

जुनीपोथी:
संपादकांचं अजिबात पटलं नाही. संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १९ मध्ये 'भाषण' आणि 'अभिव्यक्ती' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, म्हणजे ते एकमेकांना पर्याय नाहीत. हिंदी प्रतीत त्याच जागी 'वाक्-स्वातंत्र्य' आहे, त्यामुळे तुमचा शब्दही काही हवेतून आलेला नाही. भाषण म्हणजे बोलणं, भाष् धातू. मितभाषी म्हणजे कमी बोलणारा, कमी व्याख्यानं देणारा नव्हे. माझी आजी 'तिचं भाषण गोड आहे' असं सहज म्हणायची, आणि ती बाई आयुष्यात स्टेजवर चढली नव्हती.

टिंब:
आजी म्हणायची हे खरं असेल पण आज कोण म्हणतं? आज भाषण म्हणजे माईक, हार आणि सतरंज्या. वाचणारा आजचा आहे. आणि संविधानाचाच दाखला द्यायचा तर उद्देशिका बघा, तिथे 'विचार, अभिव्यक्ती' आहे, भाषण नाहीच. 'वाक्स्वातंत्र्य' तर उच्चारतानाच जीभ अडखळते, जो शब्द धड बोलता येत नाही तो बोलण्याच्या हक्काला कशाला?

चिंचपान:
एवढं संस्कृत हवंच कशाला, 'बोलण्याची मुभा' म्हणा की. सगळ्यांना कळतं.

रानवारा:
मुभा नको, प्लीज. मुभा अरबी 'मुबाह'वरून आलाय, म्हणजे ज्याला परवानगी आहे ते. मुभा कोणीतरी देतं आणि देणारा ती काढूनही घेतो, सवलत आणि सूट पण त्याच जातीचे शब्द. इंग्लंडमध्ये १६९५ पर्यंत पुस्तक छापायच्या आधी परवाना घ्यावा लागायचा, कवी मिल्टनने १६४४ साली भांडण काढलं ते याच्याशीच, की लिहिलेलं लोकांनी वाचायच्या आधी एका माणसाने का ठरवायचं. ती मुभा. नंतर खटला भरा, खोडून काढा, ते वेगळं, पण तोंड उघडायच्या आधी कोणाला विचारायला लागत नाही ते स्वातंत्र्य. हा फरक शीर्षकात पुसला गेला तर आतला लेख कितीही चांगला असू दे, उपयोग नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून एवढं लिहिलं.

चिंचपान:
मग 'मोकळीक'? तीही कोणी द्यायला लागते का?

रानवारा:
'मोकळीक दिली' असंच म्हणतो ना आपण.

शुद्धमती:
मधेच सांगते, कुठलाही शब्द घ्या पण 'अभिव्यक्ति'तली ति समासात ऱ्हस्वच. सुटा शब्द अभिव्यक्ती, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्य. संपादकांनी बरोबर लिहिलंय.

टिंब:
निम्मी वर्तमानपत्रं दीर्घ छापतात आणि कोणाचं अडत नाही.

शुद्धमती:
अडत नाही म्हणून नियम नाही असं होत नाही.

धातुवेडी:
अभिव्यक्तीतला धातू बघा, वि + अञ्ज् म्हणजे उघड करणं, दिसेल असं करणं. अंजन आणि व्यंजन त्याच धातूचे. त्यामुळे अभिव्यक्तीत तोंड लागतंच असं नाही, गप्प राहूनही माणूस काहीतरी उघड करतो. १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आठवा, केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकलं होतं. सुप्रीम कोर्ट मुलांच्या बाजूने गेलं, आणि आधार धर्मस्वातंत्र्याबरोबर हाच अनुच्छेद १९ होता. न बोलण्याचा हक्क 'भाषणा'त कसा बसवणार?

लेखणीवाली:
हे सगळं छान आहे, पण माझ्या लेखात खरंच फक्त बोलणंच आहे हो. आज रात्री शीर्षक द्यायचंय.

सांजवेळ:
मला वेगळंच सुचतंय. हक्काचं नाव काय यावर आपण एवढे अडतोय, पण तो हिरावला की शब्द भराभर येतात, मुस्कटदाबी, गळचेपी, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, 'ब्र काढायची सोय नाही'. हे कुठल्या परिभाषा समितीने दिलेले नाहीत, लोकांनी सोसताना केलेत. आणि यात दाबणारं सरकारच असतं असं कुठे म्हटलंय? 'सुधारक'मध्ये आगरकर 'इष्ट असेल ते बोलणार' म्हणाले, साधं क्रियापद. त्याबद्दल जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली ती इंग्रजांनी नाही, आपल्याच लोकांनी. त्यामुळे शीर्षकात 'समाज' शब्द राहायलाच हवा, दुसरा शब्द काहीही घ्या.

जुनीपोथी:
'ब्र' हा ब्रू धातूतला असणार. ब्रवीति, म्हणजे बोलतो.

धातुवेडी:
मला नाही वाटत. 'चकार शब्द' बघा, तिथे च हे नुसतं अक्षर आहे. ब्र पण तसाच, अर्धवट फुटलेला आवाज, तोंड उघडलं न उघडलं तोच थांबवलेला.

जुनीपोथी:
पण मग ब्र च का, क्र किंवा प्र का नाही? धातू धरला तर निदान कारण तरी मिळतं.

सांजवेळ:
आणि पहिल्याच पोस्टमधलं 'अवाक्षर'? आमच्याकडे त्याचा अर्थ वावगा शब्द. 'सासूबद्दल अवाक्षर काढलं नाही' म्हणजे वाईट बोलली नाही, बोललीच नाही असं नाही.

टिंब:
मी तर आयुष्यभर 'एकही शब्द नाही' याच अर्थाने ऐकलाय.

सांजवेळ:
तोच घोळ आहे ना. वाईट बोलू नको म्हणता म्हणता बोलूच नको झालं. कोणाकडे जुना कोश असेल तर बघा, दोन अर्थांतला आधीचा कुठला ते.

शुद्धमती:
बघते. पण तो अव + अक्षर असाच फोडायचा, 'अवाक्'शी त्याचा काही संबंध नाही.

जुनीपोथी:
संबंध नाही असं एवढ्या ठामपणे कसं म्हणता? कोश काढाच.