स्वतःशी बोलता का? पकडले गेलात का कधी?

परवा मोबाइलमध्ये डोकं घालून लिफ्टमध्ये शिरले आणि आपण एकटेच आहोत असं समजून स्वतःला झापायला लागले, "गाढवा, चार्जर परत टेबलावरच राहिला ना!" कोपऱ्यातून प्रश्न आला, "मला म्हणालात?" वरच्या मजल्यावरचे काका. (स्वतःला शिव्या देताना मी पुल्लिंगी का होते, हा वेगळा विषय.) तेव्हापासून विचारायचंय, तुम्हीही असं मोठ्याने बोलता का? कधी? काय? लाजू नका, लिहा.

*

माझं कुलुपाचं दुखणं होतं. जिना उतरलो की शंका, लावलं का? परत वर. मग जपानी रेल्वेबद्दल वाचलं. तिथले चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. १९९४ साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने चाचणी घेतली. एरवी दर १०० कृतींमागे २.३८ चुका व्हायच्या, बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर ०.३८. म्हटलं, आपणही करून बघू. कुलूप ओढायचं, बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "कुलूप लावलं." चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी जिन्यात नवीन शंका, हे "लावलं" आजचं की कालचं? तेव्हापासून वार जोडतो. "कुलूप लावलं, मंगळवार." आता परत वर जावं लागत नाही. फक्त शेजारची पोरगी जिन्यातून ओरडते, "काका, आज बुधवार!"

*

मी फक्त भांडते. आंघोळ करताना. समोर कोणी नसतं, त्यामुळे मुद्दे असे सुचतात की विचारू नका. प्रत्यक्षात त्याच माणसापुढे "बरं, चालेल" म्हणून येते.

*

आमच्या धंद्यात याला प्रतिष्ठा आहे. कोड चालेना की टेबलावरच्या रबरी बदकाला एकेक ओळ समजावून सांगायची, ही प्रोग्रॅमर लोकांची जुनी युक्ती. माझ्याकडे बदक नाही, स्टेपलर आहे. मागे दोन तास एका चुकीपाशी अडलो होतो. शेवटी स्टेपलरला म्हणालो, "हे बघ, हा लूप शून्यापासून सुरू होतो आणि शेवटच्या..." आणि तिथेच गप्प झालो. लूप म्हणजे यादीतल्या एकेका घटकावर तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, आणि माझ्या लूपमधून शेवटचा घटक सुटत होता. मनात वाचताना आपण काय लिहायचं होतं तेच वाचतो. तोंडाने बोलताना काय लिहिलंय ते वाचावं लागतं.

*

लेक चार वर्षांचा. ठोकळे रचताना सतत चालू, "हा इथे... नको, पडेल... मोठा खाली." आधी वाटायचं, माझ्याशी बोलतोय. उत्तर दिलं की चिडायचा. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते अशी बडबड म्हणजे मुलाला अजून समोरच्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही, आणि वाढत्या वयाबरोबर ती विरून जाते. वायगॉट्स्की या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने उलट मांडलं. मूल स्वतःला वाट दाखवत असतं, आणि ही बडबड विरत नाही, आत जाते, तिचाच पुढे मनातला विचार होतो. चित्र काढताना मुद्दाम कागद किंवा हवी ती रंगीत पेन्सिल मिळू दिली नाही, तर मुलांचं हे बोलणं जवळजवळ दुप्पट व्हायचं, असं त्याला दिसलं. मीही एक ठोकळा लपवून पाहिला. बडबड वाढली खरी. मग म्हणाला, "आई, तूच घेतलास." शास्त्र संपलं.

*

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. चष्मा सापडेना की अजून तोंडातून निघतंच, "अहो, कुठे ठेवलात?" हे स्वतःशी बोलणं धरायचं का, मला ठाऊक नाही.

*

धरायचं, आजी. आणि एक करून बघा. जे शोधताय त्याचंच नाव मोठ्याने घ्या. लुपियन आणि स्विंगली या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये याचे प्रयोग मांडले होते. वस्तू ओळखीची असेल, तर नाव उच्चारत शोधणाऱ्यांना ती लवकर दिसते. चेहरामोहरा नीट माहीत नसलेल्या वस्तूला हे लागू नाही, उलट घोळ होतो. पण तुमचा चष्मा तुम्हाला चांगला ओळखीचा आहे.

*

बघितलं करून. "चष्मा, चष्मा" म्हणत घरभर फिरले. उशीखाली सापडला. मग "अहो, सापडला बरं का," तेवढं म्हटलंच.