चिऊने दार उघडलं. पुढे काय?

वैदर्भी: काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, चिऊचं मेणाचं टिकलं. बाळाला न्हाऊमाखू घालून झाल्यावर चिऊताईने एकदाचं दार उघडलं आणि आपण म्हणतो, संपली गोष्ट. माझ्या मते तिथे संपवूच नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात मेणाच्या भिंतींचं काय? काऊ नव्या, सारवलेल्या गार घरात बसलाय आणि आता चिऊ दार ठोठावतेय. तो काय म्हणेल? पोरांना विचारा तर खरं. पावसाळ्यापुरती शहाणी चिऊ मला पटत नाही.

माजघर: नका हो! गोष्ट झोपवायला असते. पोराला तेच ते हवं असतं. तुम्ही घाईत एक पायरी गाळलीत तर तेच उठून सांगतं, "पावडर झाली, तीट राहिली." आणि 'गोष्ट पूर्ण करा' शाळेत असतंच की मार्कांना. घरी तरी सोडा.

खडूस: मधमाश्यांचं मेण 62 अंशांच्या आसपास वितळतं. चिऊचं घर सुरक्षित आहे.

वैदर्भी: वितळणार नाही, पण मऊ पडून बसेल. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली मेणबत्ती बघा कशी वाकते.

जांभूळवाला: गोष्ट कुठे संपते हे आपणच ठरवलंय. माकड-मगर घ्या. काळीज झाडावर राहिलं म्हणत माकड उडी मारतं आणि आपण गाशा गुंडाळतो. पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश'मध्ये मगरदादा पुन्हा गोड बोलायला लागतो, माकड त्याला आणखी गोष्टी ऐकवतं. मग बातमी येते, उपाशी राहिलेली बायको गेली. त्यावर आणखी एक, घरात दुसराच मगर घुसलाय. सल्ला मागतो कुणाला? त्याच माकडाला! ते आधी झाडतं आणि शेवटी सांगतं, जा, लढ. एवढी मजा कापून आपण पोरांच्या हाती नुसती चलाखी ठेवली.

माजघर: ते राजपुत्रांना राजनीती शिकवायला होतं. विष्णुशर्म्याला पोरं झोपवायची नव्हती, जागी करायची होती. बायको गेल्याची बातमी रात्री साडेनऊला तीन वर्षांच्या पोराला तुम्ही सांगा, मी नाही.

देवगडकर: आमच्या आजीच्या गोष्टीत काऊ आत आल्यावर रात्री कुटुर कुटुर आवाज येई. "काऊदादा, काय खातोस?" "सुपारी गं." सकाळी घरट्यात पिल्लं नाहीत. आम्ही ऐकून शांत झोपायचो, काही बिघडलं नाही. कावळे चिमण्यांची अंडी-पिल्लं खातातच, आजीने काही पदरचं घातलं नव्हतं. मला तर वाटतं, चिऊ तीट लावत नव्हतीच, वेळ काढत होती.

वैदर्भी: वा! हे पोरांपुढे ठेवायलाच हवं.

माजघर: ठेवा. पण एवढं कळत होतं, तर तिने दार उघडलंच कशाला?