मदत हवी आहे: २८ मिमीच्या मावळ्यांच्या हातात दांडपट्टा टिकत नाही

मातीचा_मावळा

मंडळी, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायचं वय गेलं, खोड गेली नाही. हल्ली २८ मिमीच्या प्लॅस्टिक फिगर रंगवतो आणि आम्ही चौघं दर रविवारी एकाच्या गच्चीवरच्या खोलीत फासे टाकून लढतो. येत्या १३ जुलैला घोडखिंड मांडायची आहे, १६६० सालची. सिद्दी मसूदची बाजू तयार आहे. घोडं अडलंय मावळ्यांवर.

त्या काळातले मराठे प्लॅस्टिकमध्ये मला मिळाले नाहीत, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या अफगाण टोळीवाल्यांचं किट घेतलं. पागोटी पुट्टीने नवी बांधली, पायजमे खरवडून गुडघ्यापर्यंतचे चोळणे केले. इथवर बरं जमलं. हत्यारांनी मात्र जीव खाल्लाय.

पट्ट्यासाठी तलवारवाल्या हातांतलं पातं कापलं आणि त्या जागी प्लॅस्टिकची पातळ पट्टी सुपरग्लूने चिकटवली. दहा केले, गच्चीवर नेऊन परत आणेपर्यंत सात गळाले. उरलेले तीन पट्टेकरी वाटतच नाहीत. लेक म्हणाली, "बाबा, हे शाळेतले सर आहेत का?"

भाल्यांना लहानपणचा उपाय केला, खराट्यातली हिराची काडी. काडी छान दिसते, पण मुठीत भोक पाडताना मूठच फाटते. बॅटरीवरचं छोटं ड्रिल वापरतोय.

शिवाय किटमधल्या बंदुका म्हणजे जेझाइल, अफगाणांच्या लांब बंदुका, बाकदार दस्त्याच्या आणि चकमकीच्या. मला तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या, हव्यात.

घरात क्राफ्ट नाइफ, बारीक कानस, पक्कड, एम-सील आणि बोटभर उरलेलं ग्रीन स्टफ (दोन भाग मळून वापरायची मॉडेलिंगची पुट्टी) आहे. "थ्रीडी प्रिंट करा" हे उत्तर कृपया नको. फोटो जोडलाय, हसा पण मदत करा.

जुना_लोहार

फोटो पाहिला. लेकीचं बरोबर आहे :)

गोंदाचा प्रश्न नंतरचा, आधी पात्याची दिशा चुकलीय. तलवार मनगटातून फिरते. पट्ट्याला मनगटच नाही. खोबळ्यात (पट्ट्याच्या मुठीवरच्या धातूच्या आवरणात) हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो, आतली मूठ आडवी असते आणि पातं हाताच्या हाडाच्या सरळ रेषेत पुढे निघतं. तुम्ही ते मुठीत काटकोनात बसवलंय, म्हणून सरांची छडी. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात जाऊन या, एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात आपोआप बरोबर कापाल.

मी असं करतो. मूठ ठेवायचीच नाही, मनगटापाशी हात सपाट कापायचा. कापलेल्या तोंडाच्या मधोमध, हाताच्या लांबीत, ०.५ मिमीचं भोक ३ मिमी खोल पाडायचं. पातं ०.१ मिमीच्या पितळी पत्र्यातून कापायचं. २८ मिमी म्हणजे साधारण १:५६ धरा, तर मीटरभर पातं १८ मिमी होतं आणि फूटभर खोबळा साडेपाच. रुंदी हिशेबाने ०.६ मिमी येते, पण तेवढी टेबलावरून दिसत नाही, मी १ मिमी ठेवतो. मुख्य गोष्ट म्हणजे पात्याला मागे ३ मिमीचं अरुंद शेपूट ठेवा. तेच भोकात जातं, वेगळी पिन लागत नाही. तुमची सात पाती गळाली कारण टोकाला टोक चिकटवलं होतं. अशा सांध्यात गोंदाला धरायला जागाच नसते, मग गोंद कुठलाही असो.

गोंद सुकला की वरून ग्रीन स्टफचा खोबळा. निळा-पिवळा भाग सारखे घेऊन एकच हिरवा रंग येईपर्यंत मळा. अर्ध्या वाटाण्याएवढ्या गोळीत तीन-चार हात होतात, तुमचं बोटभर सगळ्या फौजेला पुरेल. पुट्टी हाताभोवती गुंडाळा, पात्याकडे निमुळती करा, सुरीचं पातं पाण्यात बुडवून सांधा मिटवा. खोबळ्यावरच्या रेघा तासाभराने ओढा, लगेच ओढलेत तर चिकटून येतात. मग २४ तास हात लावू नका. एम-सील इथे नको, तिच्यावर बारीक रेघ उठत नाही. खिंडीचे खडक करा तिचे.

गनिमी_कावेबाज

रेझिन प्रिंटर स्वस्त झालेत हो.

मातीचा_मावळा

@गनिमी_कावेबाज, शेवटून दुसरी ओळ वाचा राव.

@जुना_लोहार, साष्टांग नमस्कार. पितळी पत्रा नसेल तर?

जुना_लोहार

कोल्ड्रिंकचा डबा. जवळजवळ तेवढाच पातळ असतो आणि कात्रीने कापतो. फक्त ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलं राहतं, पितळ थोडं उसळून परत येतं. नमुन्याचा पहिला हात डब्याचा करा. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा.

काडीपेटी

भाल्यांबद्दल. मोटरचं ड्रिल बंद करा. प्लॅस्टिक घर्षणाने वितळतं, बिटला चिकटतं आणि मूठ उसवते. हाताने फिरवायचं पिन वाइस घ्या. आधी सुईने खळगा, मग ०.५ चं भोक, मग ०.८ चं. मूठ जेमतेम अडीच मिमीची असते, थेट १ मिमीचं बिट घातलं तर फाटणारच. वरून निम्मं आणि खालून निम्मं पाडलं की भोक तिरकं जात नाही. तरी फाटलीच तर फेकू नका. काडीचे दोन तुकडे करून मुठीच्या वर आणि खाली चिकटवा, समोरून कुणाला कळत नाही.

हिराची काडी मलाही आवडते, तिचा निमुळतेपणा तारेत येत नाही. पण खेळताना मोडते. मागच्या रांगेला काडी आणि हाताळल्या जाणाऱ्यांना ०.८ ची पितळी तार, असं करा. खरा दांडा तीन सेंटीमीटर जाडीचा धरला तर हिशेबाने ०.५ पुरे, पण ०.५ ची तार खेळताना सारखी वाकते. अडीच मीटरचा भाला ४५ मिमी भरेल.

फाळ वेगळा लावू नका. तारेचं टोक हातोडीने चेपून कानशीने पानासारखं घासा. ठोकून पितळ कडक होतं आणि चिरतं, म्हणून मध्येच ज्योतीवर मंद लाल करून गार होऊ द्या, पुन्हा मऊ होतं. हे सगळं तार मुठीत घालण्याआधी! (मी एकदा नंतर केलं. मावळ्याचा हात वितळून मेणबत्ती झाली.)

गिटारची पोलादी तारही चालते, पण तुमच्या पकडीला दात पडतील.

बरकंदाज

बंदुकांना फार खटपट नाही. जेझाइलचा बाकदार दस्ता कापून टाका आणि प्लॅस्टिकच्या पट्टीचा सरळ, सडपातळ दस्ता लावा. चकमकीचा घोडा खरवडून सपाट करा. तोडा धरणारा चाप आपल्याकडच्या बंदुकांत दस्त्याच्याच खाचेतून वर येतो, म्हणून दस्त्याच्या माथ्यावर तारेचा बारीक आकडा पुरतो. नळी दस्त्याला चामड्याच्या वादीने किंवा तारेने बांधलेली असायची. तीन-चार ठिकाणी दोऱ्याचे वेढे द्या, एवढ्याने बंदूक लगेच देशी दिसते. तोड्यासाठी जुन्या वायरमधले तांब्याचे दोन-तीन केस पिळा, डाव्या हाताला गुंडाळा, टोकाला केशरी ठिपका.

पण तुमच्या खेळात जुलैचा पाऊस धरला असेल तर तोडे विझणार, ते नियमांत घ्या!

मातीचा_मावळा

पाऊस आहे. पहिल्या तीन फेऱ्या बंदुका बंद असं ठरलंय, म्हणून तर पट्टे हवेत.

काल रात्री डब्याच्या पत्र्याचा एक हात केला. मुद्दाम टेबलावरून फरशीवर पाडला. पातं वाकलं, गळालं नाही, बोटाने सरळ केलं. आता पितळी पत्रा शोधतो.

एक राहिलं. बाजीप्रभूंना दोन्ही हातांत पट्टे द्यायचेत, पण त्या फिगरची डावी बाही अंगरख्याला जोडूनच ओतलेली आहे. (त्यांच्या हातात नेमकं काय होतं, यावर कृपया वेगळा धागा काढा.)

जुना_लोहार

बाही खांद्यापासून कापा, अंगरख्यावर पडलेला खड्डा एम-सीलने बुजवा, आणि किटमधला कुठलाही सुटा उजवा हात घ्या. खोबळ्यात पंजा दिसत नाही, त्यामुळे तो डावीकडेही चालतो. फक्त कोपराचा वाक बाहेरच्या बाजूला येईल असा फिरवून बसवा.