लोरा: एसएफ १२ वर १२ बाइट येतात, ४० बाइटचं पॅकेट सीआरसीला मरतं

बाग_दिंडोरी:
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत ओलाव्याचे १८ नोड (सेन्सरच्या पेट्या) आहेत. लोराचं (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) एसएक्स१२६२ मॉड्यूल, लोरावॅन (लोरावरची तयार नेटवर्क पद्धत) नाही, थेट नोड ते रिसीव्हर. रिसीव्हरलाही तीच चिप, घराच्या गच्चीवर ९ मीटरवर. सर्वांत लांबचा नोड २.८ किलोमीटर. ८६५.४ मेगाहर्ट्झ, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर; जास्त म्हणजे हळू पण लांब) १२, कोडिंग रेट (चूक सावरायला जादा बिट) ४/५, पाठवायची पॉवर २२ डीबीएम. दर १५ मिनिटांनी सगळे एकदम जागे होतात.

लांबच्या नोडवरून १२ बाइटचं चाचणी पॅकेट जवळजवळ दर वेळी येतं. ४० बाइटचं खरं पॅकेट, मजकुराच्या रूपात आणि स्वल्पविराम घालून, दहातलं एखादंच येतं. बाकी सगळ्यांना सीआरसी (पॅकेट शाबूत आलं का ते तपासणारा आकडा) एरर. आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे १०८ डीबीएम आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर) अधिक ८ डीबी दिसतो. कोडिंग रेट ४/८ केला तर सुधारण्याऐवजी आणखी बिघडलं. ड्रायव्हर हाताने लिहिलाय. मॉड्युलेशन पॅरामीटरच्या कमांडला चार बाइट जातात: १२, ४, १, ०. दोन्ही बाजूंना तेच. आता रेंज वाढवायला काय करू?

सातपूर_आरएफ:
रेंज कमी नाहीच. एसएफ १२ ला उणे २० डीबी एसएनआरपर्यंत चालतं, तुमच्याकडे अधिक ८ आहे. म्हणजे २८ डीबी शिल्लक असताना पॅकेट मरतंय. सिग्नल कमी पडला असता तर छोटी पॅकेटंही गळाली असती.

चूक त्या चौथ्या बाइटमध्ये आहे. तो लो डेटा रेट ऑप्टिमाइझचा आहे आणि तुमच्याकडे शून्य आहे. एका सिम्बॉलची (हवेत जाणाऱ्या एका तुकड्याची) लांबी १६ मिलिसेकंदांच्या वर गेली की तो १ हवा. १२५ किलोहर्ट्झवर एसएफ ११ चा सिम्बॉल १६.४ आणि एसएफ १२ चा ३२.८ मिलिसेकंद, म्हणजे दोन्हींना लागतो. तयार लायब्ररी हे बहुधा स्वतःच करते, हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हमखास राहून जातं.

कारण समजून घ्या. लोरामध्ये प्रत्येक सिम्बॉल म्हणजे एक चर्प: वारंवारता बँडच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते, आणि ती कुठून सुरू झाली यात माहिती असते. रिसीव्हर त्याला उलट्या चर्पने गुणतो, तेव्हा एकच स्थिर सूर उरतो. एफएफटी (वारंवारता वेगळ्या काढणारं गणित) लावून तो सूर कोणत्या खणात पडला ते बघतो. एसएफ ७ ला असे १२८ खण, एकेक ९७७ हर्ट्झ रुंद. एसएफ १२ ला त्याच १२५ किलोहर्ट्झमध्ये ४०९६ खण, एकेक फक्त ३०.५ हर्ट्झ. सूर १५ हर्ट्झने सरकला की शेजारच्या खणात गेला. ८६५ मेगाहर्ट्झवर १५ हर्ट्झ म्हणजे ०.०२ पीपीएमसुद्धा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) नाही.

आता नोडकडे बघा. २२ डीबीएमला चिप ११८ मिलिअँपिअर ओढते, तापते, आणि शेजारचा क्रिस्टल (वारंवारता ठरवणारा) तिच्यासोबत तापतो. रिसीव्हर वारंवारतेचा फरक प्रिअँबलवरून (पॅकेटच्या तोंडाशी असलेले ठरावीक चर्प) सुरुवातीलाच मोजून घेतो. म्हणून नोड आणि रिसीव्हर एकमेकांपासून काही किलोहर्ट्झ दूर असले तरी बिघडत नाही. बिघडतं ते पॅकेट चालू असताना होणाऱ्या सरकण्याने. तुमचं १२ बाइटचं पॅकेट साधारण सव्वा सेकंदाच्या आत संपतं, ४० बाइटचं १.८ सेकंद चालतं, आणि शेपटाकडचे सिम्बॉल चुकतात. ४/८ केल्यावर तेच पॅकेट २.५ सेकंदांचं झालं, म्हणून जास्त बिघडलं. शिवाय ४/८ चा कोड एका ब्लॉकमधला एखादा चुकलेला सिम्बॉल सावरतो. सगळेच एक खण सरकले तर त्याच्या हातात काही नाही.

चौथा बाइट १ केला की प्रत्येक सिम्बॉलमधून दोन बिट कमी जातात आणि चार-चार खण मिळून एक धरले जातात. मोकळीक साधारण चौपट. ४० बाइटला वेळ १.८१ वरून १.९७ सेकंद होतो, एवढीच किंमत.

अंबड_सर्किट:
बरोबर. एक पुस्ती जोडतो: हा बाइट दोन्ही बाजूंना एकाच वेळी बदला. एका बाजूला १ आणि दुसरीकडे ० राहिला तर हेडर व्यवस्थित वाचला जातो, कारण पहिला ब्लॉक नेहमीच दोन बिट कमी ठेवून जातो, पण त्यामागचा पेलोड (खरी माहिती) कचरा येतो. १२ बाइटही येणार नाहीत. तुमच्याकडे १२ बाइट येतात यावरूनच दोष जुळणीचा नसून सरकण्याचा आहे हे कळतं.

खात्री करायची असेल तर आधी बाइट न बदलता पॉवर २२ वरून १० डीबीएम करा आणि तेच ४० बाइट पाठवा. सिग्नल १२ डीबीने पडूनही पॅकेटं जास्त आली, तर क्रिस्टल तापतोय हे सिद्ध.

गोदाकाठ_नोड:
बँडविड्थ ६२.५ करून बघा ना, संवेदनशीलता ३ डीबीने वाढेल. किंवा २५० केली तर वेळ निम्मा.

सातपूर_आरएफ:
दोन्ही नको. ६२.५ ला खण १५ हर्ट्झचे होतील, म्हणजे हाच आजार दुप्पट. त्यासाठी टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर) असलेलं मॉड्यूल लागतं. (ते घेतलंत तर डीआयओ३ पिनवरून त्याला व्होल्टेज द्यायची कमांड विसरू नका, नाहीतर ऑसिलेटर सुरूच होत नाही.) आणि २५० आपल्याकडे नियमात बसत नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये परवान्याशिवाय १ वॉट ट्रान्समीटर, ४ वॉट ईआरपी (अँटेना धरून प्रभावी पॉवर) आणि २०० किलोहर्ट्झ कॅरिअर बँडविड्थ एवढीच सूट आहे. १२५ वरच राहा.

खरा उपाय एसएफ १२ सोडण्यात आहे. एसएफ ९ ला उणे १२.५ डीबी एसएनआर चालतो, म्हणजे आजच्या घडीला २० डीबी शिल्लक. सिम्बॉल ४.१ मिलिसेकंद, खण २४४ हर्ट्झ. तिथे चौथा बाइट शून्यच ठेवायचा. लोक रेंजच्या भीतीने सरसकट एसएफ १२ लावतात आणि बॅटरी, वेळ, स्थैर्य तिन्ही घालवतात. एसएफ एकाने वाढवला की साधारण अडीच डीबी मिळतात आणि हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

मजकूर पाठवणंही थांबवा. तीन खोलींचा ओलावा सहा बाइट, तापमान दोन, आर्द्रता, पानांचा ओलेपणा, बॅटरी आणि अनुक्रमांक एकेक. झाले १२. एसएफ ९ वर ते १४४ मिलिसेकंदांत जातात. २२ डीबीएम धरला तरी दिवसाच्या ९६ पॅकेटांना ०.४५ मिलिअँपिअर-तास. आज तुमचे ५.७ जातात.

बाग_दिंडोरी:
चौथा बाइट दोन्हीकडे १ केला, ४० बाइट येऊ लागले. १० डीबीएमची चाचणीही तसंच सांगते. आता एसएफ ९ आणि १२ बाइटवर नेतोय. जवळचे नोड एसएफ ७ आणि लांबचे ९ असं चालेल का? आणि हे आकडे छाटणीनंतर लगेचचे आहेत, मांडव अजून मोकळा आहे.

अंबड_सर्किट:
वेगवेगळे एसएफ नाही चालणार. एसएक्स१२६२ एका वेळी एकच एसएफ ऐकतो. मिसळायचे असतील तर एसएक्स१३०२ चा आठ चॅनलचा गेटवे लागेल. सगळ्यांना ९ द्या.

मांडव मोकळा आहे हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन महिन्यांत पानं गच्च होतात, त्यात दहिवर. ओली पानं ८६५ मेगाहर्ट्झला चांगलीच शोषतात. २० डीबीतले निदान १० त्यासाठी राखून धरा. अँटेना मांडवाच्या तारांखाली असेल तर आधी ती वर काढा. तारांची जाळी डोक्यावर असली की सिग्नल बाहेर पडायला धडपडतो. तारांच्या वर किमान एक तरंगलांबी, म्हणजे ३५ सेंटिमीटर. जीआय पाइप वापरत असाल तर अँटेना पाइपच्या टोकावर लावा, बाजूला चिकटवू नका. पातळ केबल मीटरमागे साधारण एक डीबी खाते, म्हणून पेटीच वर न्या आणि केबल वीतभर ठेवा. २.८ किलोमीटरला मध्यावर फ्रेनेल पट्ट्याची (दोन अँटेनांमधल्या रेषेभोवती सिग्नलला लागणारी जागा) त्रिज्या सुमारे १५.६ मीटर येते. तिचा साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे गच्चीवरचा खांब जितका उंच कराल तितका फायदा.

आणि सगळे नोड एकदम जागे करू नका. ९०० सेकंदांना १८ ने भागा, प्रत्येकाला ५० सेकंदांचा फरक द्या, वर दोन-तीन सेकंद यादृच्छिक. घड्याळाचा क्रिस्टल २० पीपीएमचा असेल तर दिवसाला १.७ सेकंद सरकतो, म्हणून आठवड्यातून एकदा रिसीव्हरकडून वेळ जुळवून घ्या. पाठवल्यावर नोडने अर्धा सेकंद ऐकत राहिलं की तेवढं पुरतं.